आधी मला उलटं करून बघा

मी गवत कापणाऱ्या यंत्राचा डेक बोलतोय. शब्द नवा वाटला तर सांगतो. चालवणाऱ्याच्या पायांखाली जे पसरट लोखंडी झाकण असतं, ज्याच्या पोटात तीन पाती गरगरतात, ते झाकण म्हणजे मी. यंत्र विकत घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, बसायची गादी दाबून बघतात, दिवे लावून बघतात. वाकून माझ्या पोटाकडे कोणी बघत नाही. माझी सगळी हकीकत त्या न वाकण्याची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला स्वस्थता नाही.

सध्या मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्यातल्या एका कारखान्यामागे भंगारात पडलोय. समुद्रावरून वारा सुटला की माझा फाटलेला काठ खडखडतो. रखवालदार म्हणतो, मांजर असेल. मांजर नाही, मी आहे.

माझा जन्म एका दणक्यात झाला. तीन मिलिमीटरचा सपाट पत्रा साच्यावर ठेवला, वरून दाब आला आणि मी गोलाईसकट तयार. कुठे सांधा नाही की जोड नाही. मला प्रेसचा डेक म्हणतात. आमच्यात दुसरी जात असते ती जाड पाट्या कापून वेल्डिंगने जोडलेल्यांची. त्यांची पाटी माझ्या दुप्पट, पात्यांचे दांडे बसतात तिथे आणखी एक थर, काठाला वेगळी पट्टी. दिसायला ओबडधोबड, उचलायला जड.

मी वाईट आहे असं कोणी समजू नये. दगड वेचलेल्या मऊ हिरवळीवर मी असं गवत कापतो की न्हाव्याने लाजावं. माझ्या गुळगुळीत पोटात गवत अडकत नाही, वजन कमी म्हणून ओल्या जमिनीवर चाकोऱ्या पडत नाहीत. पण मला पाठवलं कुठे? सहा एकर कातळावर! वीतभर माती, खाली जांभा, आणि गवतात लपलेले सुटे दगड.

खरेदीच्या दिवशी दोन कंपन्यांची यंत्रं आली होती. आमची ‘शार्दूल’, लालभडक, आणि दुसरी ‘बल्लाळ’, मातकट रंगाची, जोडकामाच्या डेकची. दोन्ही चालवून दाखवली ती गेस्ट हाऊससमोरच्या हिरवळीवर. तिथली माती घाटावरून आणलेली. तिथे दगड सापडला तर माळ्याला मेमो मिळायचा. साहजिकच मी चमकलो. बल्लाळ घुरघुरत, जडपणे वळला.

कारखान्याचे प्रशासन अधिकारी गुरुप्रसाद साहेब माझ्याकडे कौतुकाने बघत होते. तेवढ्यात जुना माळी महिपत पुढे आला. वीस वर्षं ह्याच आवारात त्याने विळ्याने गवत कापलेलं. त्याने गुडघे टेकले आणि बोटाच्या पेराने आधी मला वाजवलं, मग बल्लाळला.

“साहेब, ह्यो ढोलासारखा वाजतोय. त्यो बगा, मुका हाय. आपल्या कातळावर मुकाच टिकेल.”

“महिपत, गवत कापायचंय. रणगाडा नकोय आपल्याला.”

सगळे हसले. महिपत उठला, गुडघे झटकले. “गवताखाली काय हाय त्ये गवताला न्हाय इचारलंत,” एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला. मला घेतलं गेलं. माझी निवड झाली, पण तो दिवस आठवला की मला अभिमान वाटत नाही, राग येतो. सहा एकरांचा निकाल चार गुंठ्यांवर लावला. एकालाही वाटलं नाही की यंत्र पन्नास पावलं पुढे न्यावं, जिथे ते राबणार आहे.

महिपतच माझा चालक झाला. नापसंत यंत्र त्याने जिवापलीकडे जपलं. रोज सकाळी तो आणि कमळा पुढे चालत दगड वेचायची. कमळा गवत गोळा करणारी, नाचणे गावच्या कातळसड्यावरची. जिभेला धार माझ्या पात्यांची. मग महिपत मला सुरू करायचा आणि तिला ओरडायचा, “बंद बाजूला ऱ्हा गो!” माझ्या उजव्या अंगाने कापलेलं गवत बाहेर फेकलं जातं, तिथे उभं राहायचं नाही. डावी बाजू बंद, म्हणून सुरक्षित. हा नियम त्याने एकदाही मोडला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कितीही वेचले तरी दगड उरायचेच. ठण्ण! एकेक दगड पात्याला लागायचा आणि झटका दांड्यातून माझ्या अंगात उतरायचा. चौथ्या पावसाळ्यात डाव्या दांड्याच्या मुळाशी केसाएवढी भेग पडली. वरून गवताचा चिखल, खारी हवा, गंज. सहाव्या पावसाळ्यात ती भेग माझ्या डाव्या काठापर्यंत पोचली.

महिपतने ती बघितली. त्याच दिवशी गुरुप्रसाद साहेबांना बोलावून आणलं. कमळा तिथेच टोपली घेऊन उभी होती.

“साहेब, काठ तुटणार हा. जाड पाटी मारून घेऊया, न्हायतर बंद ठेवूया.”

साहेब वाकले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “दिवाळीनंतर बघू. आता खंडेनवमी आलीय, हेड ऑफिसची माणसं येणार. रंगाचा डबा पाठवतो, चकाचक दिसलं पाहिजे.”

आता जे घडलं ते आमच्याकडेच घडू शकतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. कोयती, पाने, यंत्रं, सगळी धुऊन, रंगवून, झेंडू घालून मांडायची. आणि मोडकी वस्तू पुजायची नाही. भंगलेलं देवासमोर ठेवत नाहीत. महिपत देवभोळा. त्याने भेगेत लांबी भरली, म्हणजे सुताराचं ते पांढरं लुकण. हाताने घासून सपाट केली. वरून लाल रंगाचे दोन हात दिले. प्रत्येक नवमीला तो मला रंगवायचाच, त्या वर्षी जरा जास्त मायेने.

“महिपतदादा,” कमळा म्हणाली, “बायकोला कधी इतकं नटवलंस का रे?”

“ती दगड खात न्हाय गो,” महिपत म्हणाला.

मला हार घातला, हळदकुंकू लावलं. गुरुप्रसाद साहेब शेजारी उभे राहिले, फोटो निघाला. मी त्या फोटोत झगझगीत दिसतो. आत माझी भेग तशीच होती. तिला फक्त कपडे घातले होते.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी कुंपणाकडे कापणी चालली होती. कमळा डाव्या बाजूला, बंद बाजूला, वीस पावलांवर. ठण्ण झालं. माझ्या काठाचा तळहाताएवढा तुकडा निखळला आणि त्याच भगदाडातून जांभ्याचा दगड सुटला. तो कमळाच्या पायावर आदळला. ती नुसती खाली बसली आणि आपल्या नडगीकडे बघत राहिली. महिपतने यंत्र बंद केलं, डोक्याचा टॉवेल सोडून तिच्या पायाला बांधला. गाठ तिनेच मारली.

तिला सिव्हिलमध्ये नेलं, हाड मोडलं होतं. आणि संध्याकाळपर्यंत गुरुप्रसाद साहेबांचा कागद तयार! चालकाने यंत्र बेदरकारपणे दगडावर चढवलं. बाई धोक्याच्या बाजूला उभी होती. यंत्र सुस्थितीत होतं, सोबत खंडेनवमीचा फोटो जोडला आहे. महिपतला कामावरून काढण्याची शिफारस. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस! मला पहिल्यांदा वाटलं, माझ्या पात्यांनी गवताऐवजी असले कागद कापायला हवे होते.

चौकशीला ऋजुता मॅडम आल्या. सुरक्षा विभागात नव्या, वयाने लहान. त्यांनी फोटो बघितला, कागद बघितला. मग म्हणाल्या, “ह्याला उलटं करा.”

“मॅडम, घाण आहे खाली. कपडे खराब होतील,” गुरुप्रसाद साहेब म्हणाले.

“माझे कपडे मी धुते.”

चौघांनी मला शेडमध्ये यंत्रातून सोडवून उताणं केलं. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटाला उजेड लागला. मॅडमनी खुरप्याने वाळलेलं गवत खरवडलं. निखळलेल्या काठाची कड नीट न्याहाळली. आजचं तुटलेलं लोखंड पांढरं चमकतं. माझी कड टोकाला बोटभर चमकत होती, बाकी सगळी तपकिरी, गंजाने खाल्लेली. त्या गंजावर लांबी, लांबीवर रंग.

“ही भेग जुनी आहे. आणि कोणीतरी भरली आहे,” मॅडम म्हणाल्या. “कोणी?”

महिपत गप्प राहिला असता तर? रंगाचा डबा ऑफिसातून आला होता, बोट कोणाकडेही दाखवता आलं असतं.

“मी भरली,” महिपत म्हणाला. “मोडकं पुजत न्हाईत, म्हणून.”

“पाहा! कबूल करतोय!” गुरुप्रसाद साहेब जवळजवळ उडालेच.

तेवढ्यात दारातून आवाज आला. “त्याने भरली त्ये खरं. पण त्याच्याआधी काय झालं त्ये सांगा की.” कमळा होती. प्लास्टरचा पाय, काखेत कुबडी, जबाबासाठी बोलावलेली. “मी टोपली घेऊन हितं उभी होते, साहेब. बंद ठेवूया म्हणाला ना त्यो? तुमी काय म्हणालात? रंग पाठवतो! आणि बाजू इचारता तर ह्याचं भगदाड बघा, डाव्या अंगाला हाय. मी उजवीकडं असते तर दगड मला लागला असता का?”

मॅडमनी बाजू ताडून बघितली. जुळलं.

महिपतची नोकरी वाचली. कमळाच्या उपचारांची जबाबदारी कारखान्याने कागदावर घेतली. पण अहवालातले शब्द ऐका. महिपतला “सक्त ताकीद”. गुरुप्रसाद साहेबांचं “अनवधान”. ज्याने वाकून भेग दाखवली त्याला ताकीद, आणि जो वाकलाच नाही त्याचं अनवधान! अहवालाची भाषासुद्धा प्रेसमधून काढतात, गुळगुळीत, कुठे सांधा दिसत नाही.

वर्ष झालं. गेल्या आठवड्यात नव्या यंत्रासाठी पुन्हा दोन कंपन्या आल्या. यंत्रं उतरवली कुठे? त्याच गेस्ट हाऊससमोरच्या, इथून दिसणाऱ्या हिरवळीवर! इथे पडल्या पडल्या मी खडखडलो. वारा नव्हता, तरी खडखडलो.

मग बघितलं तर महिपत हिरवळीच्या तोंडाशी आडवा उभा. शेजारी लंगडणारी कमळा.

“हितं न्हाय,” महिपत म्हणाला. “कुंपणाकडे चला. आणि त्याच्या आधी दोन्ही उलटी करा.”

“अरे, नवीन यंत्र आहे!” विक्रेता म्हणाला.

“नवीन हाय तवरच बघायचं,” कमळा म्हणाली. “मागनं बघितलं की कुबडी लागते.”

गुरुप्रसाद साहेबांनी ऋजुता मॅडमकडे बघितलं. मॅडम बाह्या सरसावत होत्या. साहेब पहिल्यांदाच गुडघे टेकून खाली बसले.

काल खंडेनवमी झाली. पूजा आटोपल्यावर महिपत इकडे भंगारात आला. हातात रंगाचा डबा नव्हता. त्याने माझ्या भेगेवरून बोट फिरवलं, उरलेली लांबी नखाने काढून टाकली आणि मी होतो तसा, भंगलेला, गंजलेला, माझ्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं. “चुकलो रे,” म्हणाला.

उद्या ट्रक येईल, मी वितळवला जाईन. पुन्हा कोणत्या साच्यात पडेन, ठाऊक नाही. माझं एवढंच मागणं आहे. मला जिथे राबवायचं तिथे आधी चालवून बघा. माझी भेग दिसली तर ती दिसू द्या. आणि हार घालायच्या आधी मला एकदा उलटं करा.