निफ्टीला दिलेला इसार

चैत्राली नुकती चालायला लागली होती आणि आम्ही महाडात तळमजल्यावर राहत होतो. या दोन गोष्टी एकत्र ऐकून जो आधी नदी किती लांब ते विचारतो तो माणूस महाडचा. सावित्री आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. कितीही रंग मारला तरी भिंतीवर जुन्या पुराची रेघ उमटायचीच. पोरगी भिंतीला धरून उभी राहिली की माझी नजर आधी तिच्या डोक्याकडे जायची, मग रेघेकडे. रेघ वर होती.

वरच्या मजल्यावरची जागा घ्यायची एवढं एकच आमच्या मनात होतं. राहुल हायस्कूलात गणित शिकवायचा, मी घरी शिकवण्या घ्यायचे. बिल्डरला पहिला हप्ता पावसाळ्याच्या आत हवा होता आणि जमवलेलं थोडं कमी पडत होतं. त्याच उन्हाळ्यात, दोन हजार चार साली, राहुलचा वर्गमित्र श्रेयस मुंबईहून परत आला आणि बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्याने शेअरचं ऑफिस थाटलं.

ती माडी अजून डोळ्यांसमोर आहे. गच्चीवर भाव पकडणारी मोठी तबकडी, तिच्यावर कावळे. आभाळ भरून आलं की स्क्रीन गोठायची आणि श्रेयस काठी घेऊन वर धावायचा, जणू कावळेच भाव पाडतात. खाली भांडी ठोकल्याचा आवाज, वर हिरवे-तांबडे आकडे. लाइट गेली की सगळे शहाण्या मुलांसारखे चहाची वाट बघत बसायचे. शाळेला सुट्टी लागल्यावर राहुल तिथेच असायचा. चैत्रालीला कडेवर घेऊन मीही जायचे. म्हटलं, लक्ष असलेलं बरं.

"वहिनी, सोपं आहे," श्रेयस म्हणाला. "निफ्टीचा, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या एकत्रित भावाचा, एक लॉट घ्यायचा. पूर्ण किंमत नाही द्यायची, थोडं मार्जिन ठेवायचं. वर गेला की फायदा आपला."

"म्हणजे इसार," मी म्हटलं.

"असंच काहीसं," श्रेयस फोन उचलत म्हणाला.

इसार मला लहानपणापासून माहीत. माझं माहेर कापडे गावचं. झाडं मोहोरली की महाडचा व्यापारी यायचा, मान वर करून रायवळ आंब्याचा मोहोर बघायचा आणि अण्णांच्या हातावर इसार ठेवायचा. वाऱ्याने आंबा झडला तर तो फिरकायचाच नाही. मग अण्णा म्हणायचे, "ग्येला तं ग्येला. इसार पन आपला नि झाड पन आपला." व्यापाऱ्याचं जायचं ते तेवढंच. ओट्यावर बसून मी हे किती वर्षं पाहिलं होतं. बी.कॉम.ला जे कळलं नव्हतं ते इथे झटक्यात कळलं असं वाटलं, आणि तिथेच माडीवर आंब्याचा दाखला देऊन राहुललाही मीच समजावलं. गणिताच्या मास्तरांनी मान डोलावली. गेलं तर मार्जिन जाईल, बाकीची जागेची रक्कम शाबूत. आम्ही लॉट घेतला.

त्या आठवड्यात निवडणुकीचे निकाल लागले आणि बाजार पडू लागला. शुक्रवारी दुपारी मी चैत्रालीला मऊ भात भरवत होते तेव्हा शेजारच्या जानकीबाईंकडे श्रेयसचा फोन आला. आमच्याकडे अजून फोन नव्हता. तिला कडेवर घेऊन मी तशीच उष्ट्या हाताने धावले.

"वहिनी, राहुल कुठाय? मार्जिन संपत आलंय. आणखी भरावं लागेल."

"आणखी कशाला? इसार दिलाय ना आपण? गेला तर गेला."

भांड्यांच्या ठोक्यांवर श्रेयसने आवाज चढवला. "वहिनी, हा तसा इसार नाही. इथे व्यापारी तुम्ही, आणि आंबा झडला तरी सौदा तुमच्याच नावावर. निफ्टी जेवढा पडेल तेवढं द्यायचं."

राहुल बिल्डरकडेच गेला होता. त्याला गाठून आम्ही तिघं माडीवर चढलो. स्क्रीन तांबडी होती आणि कोणी चहा मागत नव्हतं.

"सोमवारी उसळेल," राहुल म्हणाला. "थोडे भरू. मग सगळं वसूल."

"कशातले भरणार?"

पैसे एकाच ठिकाणी होते, जागेच्या हप्त्यात.

"अहो, तुम्ही स्क्रीनकडे बघताय," मी म्हटलं. "मला घरातली रेघ दिसतेय. लॉट विकून टाका."

"नुकसान पक्कं होईल गं."

"होऊ दे. मोजता येईल एवढं आहे तोवर होऊ दे."

राहुलने चैत्रालीकडे पाहिलं. तिने श्रेयसच्या कीबोर्डला भाताचा हात लावला होता. मग त्याने श्रेयसला मानेनेच विकायला सांगितलं.

सोमवारी बाजार असा कोसळला की मध्येच बंद करावा लागला. आम्ही माडीवर गेलोच नाही. हप्त्यात कमी पडलं ते माझ्या पाटल्यांनी भागवलं, आणि दिवाळीला दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. पुढे बाजार सावरला, वर गेला, आणि मी आमटी वाढत असताना राहुल मला चिडवायचा, "कुणीतरी धीर धरला असता तर पाटल्याही राहिल्या असत्या आणि गच्चीही मिळाली असती."

"आणि सोमवारचं मार्जिन भरायला कुणी काय विकलं असतं, मास्तर?" मी विचारायचे. त्यावर तो आमटीची तारीफ करायचा.

पुढच्या जुलैत पूर आला. त्या पावसात तालुक्यात दरडी कोसळून जे झालं ते लिहायला हात धजावत नाही. आमच्या जुन्या खोलीची खिडकी वरून दिसायची. बघता बघता ती पाण्याखाली गेली. चैत्राली म्हणाली, "आई, घर बुडी मारतंय." मी तिला घट्ट धरून ठेवलं, इतकं की ती रडली.

पाणी चढत असताना जिन्यावर पावलं वाजली. डोक्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सीपीयू आणि ओठांत विझलेली सिगारेट, असा श्रेयस दारात उभा. पाणी उतरेपर्यंत तो आमच्याकडेच राहिला. वीज नाही, फोन नाही, भाव कुठे काय चाललाय पत्ता नाही. पिठलं-भात खाऊन तिघं खिडकीशी बसायचो.

"वहिनी," तो एकदा म्हणाला, "तुम्ही तेव्हा सांगत होतात ना, तसा इसार बाजारात असतो. त्याला ऑप्शन म्हणतात. विकत घेतला आणि बाजार पडला तर प्रीमियम, म्हणजे दिलेला इसार जातो, बाकी काही नाही. मीच धड समजावलं नाही."

"आता सांग की," राहुल पुढे सरकला.

मी दोघांकडे पाहिलं. खाली पिवळं पाणी स्वस्थ उभं होतं, आणि चैत्राली सीपीयूवर डोकं ठेवून झोपली होती.

"सांगा भाऊजी," मी म्हटलं. "पण पहिल्यापासून. आणि आधी जातं किती, ते सांगा."