तुरीच्या गळ्यातला दोर

मित्रांनो, आखाडा बाळापूरला एका घराच्या ओट्यावर खुंटीला जो काळा-पांढरा दोर लटकलेला दिसतो, तो मी. आता मी जुना झालो आहे. माझे दोन पदर उसवले आहेत. मला वाचता-लिहिता येत नाही, पण एक गोष्ट मला फार चांगली समजते. माझे एक टोक माणसाच्या हातात असते आणि दुसरे कुत्र्याच्या गळ्यात. त्यामुळे दोघांच्या मनात काय चालले आहे, हे मला दोन्हीकडून कळते.

माझा जन्म सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका लहान गावात झाला. ते १९९७ साल होते. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झाला नव्हता. त्या गावात मसाजी आणि त्यांची बायको सत्यशीलाबाई राहत. त्यांची पन्नासेक मेंढरे होती आणि थोड्या शेळ्या. सत्यशीलाबाई शेळीचे केस चातीवर कातायच्या. चाती म्हणजे हाताने फिरवायची लाकडी फिरकी. त्या केसांचे जाड दोर करून जनावरे बांधायची, अशी तिथली रीत आहे. पण मला त्यांनी बारीक वळले आणि मधून कापसाचे सूत घातले. कारण मी ज्या गळ्यात जाणार होतो, तो गळा बारीक होता.

तो गळा तुरीचा. तुरी ही कारवानी जातीची कुत्री. लांब पाय, आत गेलेले पोट, निमुळते तोंड. रंग तुरीच्या दाण्यासारखा, म्हणून तिचे नाव तुरी. मसाजींच्या भावाने तिला पिल्लू असताना लातूरकडून आणले होते.

मेंढरामागे फिरणाऱ्या कुत्र्याला परक्याने हात लावता कामा नये, असे मसाजी मानायचे. हात लावू देणारे कुत्रे उद्या चोराबरोबर निघून जाईल, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे कोणी जवळ आले आणि तुरी गुरगुरली, की ते तिला भाकरीचा तुकडा द्यायचे. तुरी हे लवकर शिकली. तिने दोनदा लांडगा हाकलला. एकदा एका मेंढरे विकत घेणाऱ्याचे धोतरही फाडले. गावात तिचे नाव झाले. तिच्या पायातला काटा मात्र फक्त सत्यशीलाबाई काढायच्या. मसाजींनाही ती पाय देत नसे.

"मह्या कुत्रीला मीच हात लावू शकत न्हाई," मसाजी तक्रार करायचे.

"तुमीच शिकवलं की तिला," सत्यशीलाबाई म्हणायच्या. "आता भोगा."

मित्रांनो, सन २००० च्या श्रावणात सत्यशीलाबाईंना ताप आला. हिंगोलीला दवाखान्यात आठ दिवस ठेवले. नवव्या दिवशी त्या गेल्या.

मी त्यानंतर पुष्कळ दिवस मसाजींच्या हातात होतो. ते मला मुठीभोवती दोन वेढे देऊन घट्ट धरायचे. पूर्वी ते असे धरत नसत. ते रडले नाहीत. सत्यशीलाबाईंचे नावही त्यांनी घेतले नाही. भेटायला आलेले लोक बोलायचे आणि ते ऐकून घ्यायचे. एकट्याने मेंढरे होईनात म्हणून ती त्यांनी भावाला देऊन टाकली. मग घरात मसाजी, तुरी आणि मी एवढेच उरलो.

त्यांची एकुलती एक मुलगी अंजली बाळापूरला दिलेली. ती दिवाळीत आली. सोबत तिची तीन वर्षांची लेक कोमल होती. अंजली वडिलांना न्यायलाच आली होती. पण कोमलने कुत्रीकडे हात केला, आणि तुरीने तिच्या फ्रॉकची बाही दातांत धरून ओढली. बाही फाटली. हाताला काही झाले नाही, पण ओरखडा थोडक्यात हुकला होता.

अंजलीने लेकराला उचलून घेतले. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आबा, तुमी चला," ती म्हणाली. "आजच चला. पण ही न्हाई."

"हिला कुठं ठेवू?"

"काकाकडं द्या."

"त्याच्याकडं आठ कुत्री हायत. मारून टाकतील हिला. तुह्या मायनं वाढवली हिला."

"मला म्हाईत न्हाई का? पण मह्या लेकराला चावली तर माय परत येणार हाय का?"

अंजली रडत परत गेली. लेकीकडे जावे तर कुत्री सोडावी लागते, आणि कुत्री ठेवावी तर म्हातारपण एकट्याने काढावे लागते. मसाजी तिथेच अडकले.

पुढच्या आठवड्यात नांदेडचा हिरासिंग धरणावर मासे घ्यायला आला. हा मोकळ्या स्वभावाचा माणूस. दहा वर्षांपासून तो आपली कुत्री श्वान प्रदर्शनात नेत होता. तुरीला पाहून त्याने गाडी थांबवली.

"मामा, असली कारवानी आमच्या शहरात लोक शोधून राहिले, अन् तुमी खुंट्याला बांधली?"

"जवळ जाऊ नगा. चावते."

"चावते मग प्रदर्शनात काय कामाची? तिथं जज तोंडात हात घालून दात मोजतो. पाठीवरून, पोटावरून हात फिरवतो. गुरगुरलं की कुत्रं बाहेर."

मसाजी सावरून बसले. "परक्या माणसाला तोंडात हात घालू देतात कुत्री?"

"शिकवली की देतात."

"एवढ्या मोठ्या कुत्रीला शिकवता येतं?"

"येतं की. पर मामा, आधी तुमाला शिकावं लागंल."

मसाजी दुसऱ्या दिवशी बाळापूरला गेले. परत येताना लेकीचा शब्द घेऊन आले. नांदेडच्या प्रदर्शनात जजचा हात तुरीने सहन केला, तर अंजली तिला घरात घेणार होती. नाही केला, तर तुरी काकाकडे जाणार होती आणि मसाजी बाळापूरला. प्रदर्शन जानेवारीत होते. अर्ज हिरासिंगने भरला. तुरीच्या आईबापाचे कागद नव्हते, तरी देशी जातीच्या कुत्र्यांना तिथे जागा होती.

मग आमचे शिक्षण सुरू झाले. हिरासिंगने तीन गोष्टी सांगितल्या होत्या. कुत्रे डाव्या हाताला ठेवून सरळ चालवायचे. थांबल्यावर चारही पाय नीट ठेवून उभे करायचे. आणि रोज एका नव्या माणसाला तिच्या दातांना हात लावायला सांगायचे. जो हात लावील, त्याच्याच हातून तुकडा द्यायचा.

पहिल्या दोन गोष्टी खळ्यावर जमल्या. तिसरीसाठी माणूस मिळेना. मसाजींनी शेजारच्या पारुबाईंना विचारले. त्या सत्तरीच्या होत्या आणि कोणालाच भीत नसत.

"मसाजी, मह्या तोंडात चारच दात उरले. ते कोणी मोजले न्हाईत, अन् मी तुह्या कुत्रीचे मोजू व्हय?"

"हात लाव फकत, मावशे."

"चावली तर?"

"चावली तर मला मार."

"तुला मारून मही बोटं परत येतील का?" असे म्हणत पारुबाई बसल्या. पहिल्या दिवशी तुरी गुरगुरली. चौथ्या दिवशी तिने पारुबाईंचा हात हुंगला. दहाव्या दिवशी पारुबाईंनी तिचा ओठ वर केला आणि सगळ्या गल्लीला सांगितले, "बेचाळीस हायत. मही सून चाळीसच म्हणते, तिला मोजता येत न्हाई."

मग पोस्टमनने हात लावला. मग पिठाच्या गिरणीवाल्याने. तुरी कधी उभी राहायची, कधी दात दाखवायची. का, ते मसाजींना कळत नव्हते. मला कळत होते. ज्या दिवशी मसाजींची मूठ आवळलेली असे, त्या दिवशी ती दात दाखवायची. पण मी दोर. मी कसे सांगणार?

प्रदर्शनाच्या दिवशी कापसाच्या टेम्पोत बसून आम्ही नांदेडला गेलो. एसटीत कुत्रे घेत नाहीत. मैदानावर हिरासिंग वाट पाहत उभा होता. आम्हाला पाहिले आणि तो खाली बसून हसू लागला.

मित्रांनो, त्याचे हसणे साहजिक होते. मसाजींनी आयुष्यात जनावर सजवून मिरवले होते ते फक्त पोळ्याला. प्रदर्शन म्हणजे तसेच काही, असे ते समजले. त्यांनी तुरीला खोबरेल चोळले होते. गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला कुंकू, पाठीवर लाल झूल आणि कानांच्या मागे गोंडे. शिवाय बैलासारखी भरलेली दिसावी म्हणून पंधरा दिवस तूप-भाकर चारली होती. तिचे पोट सुटले होते.

"मामा, बैल कुठं हाय?" हिरासिंगने विचारले.

मसाजींना राग आला. "हिच्यात काय वाईट हाय? नटवली."

"वाईट काही न्हाई. पर जजला हिची हाडं बघायची हायत. झुलीखाली कशी दिसतील? अन् कारवानीच्या बरगड्या दिसाव्या लागतात, मामा. तुमी तर गाभण म्हशीवानी करून आणली."

दोघांनी मिळून सगळे उतरवले. नळाखाली साबण लावून तेल काढले. पोट मात्र उतरवता येण्यासारखे नव्हते. मसाजींच्या दंडाला नंबराचा कागद लावला गेला. आजूबाजूला लोकांच्या हातांत चामड्याचे चकाकणारे पट्टे होते. मला माझी लाज वाटली. पण हिरासिंगने मला हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "दोर चांगला हाय. कोणी केला?" मसाजींनी मला परत आपल्या हातात घेतले.

रिंगणात तीन कारवानी होत्या. आमचा नंबर शेवटी. जज चष्मा लावलेले वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी तिघींना गोल चालवले. तुरी छान चालली. ती लांडग्यामागे पळालेली कुत्री होती, चालणे तिला शिकवावे लागत नव्हते.

मग तिला एकटीला पुढे बोलावले. मसाजींनी मला मुठीभोवती दोन वेढे घातले आणि इतके जवळ ओढले, की तुरीला मान खाली करता येईना. तो ताण माझ्यातून तिच्या गळ्यापर्यंत गेला. तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. जज दोन पावलांवर येऊन थांबले. तुरीच्या घशातून बारीक आवाज निघाला.

मला वाटले, संपले.

जजनी हात पुढे केला नाही. त्यांनी बहुतेक अशी पुष्कळ कुत्री पाहिली असावीत आणि पुष्कळ माणसेही. ते तिथेच उभे राहून सहज विचारू लागले.

"वय किती हिचं?"

"तीन सरून चौथं लागलं."

"तुम्हीच वाढवली?"

मसाजी म्हणाले, "न्हाई जी. मंडळीनं."

"त्या नाही आल्या?"

"त्या वारल्या. श्रावणात." मसाजींनी तुरीकडे पाहिले. "सत्यशीला नाव. हिच्या पायातला काटा त्याच काढायच्या. मला ही पाय देत न्हाई."

मित्रांनो, त्या गेल्यापासून मसाजींनी त्यांचे नाव कोणासमोर घेतले नव्हते. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्याच वेळी मूठ उघडली. माझा एक वेढा सुटला. मग दुसरा. मी दोघांच्या मधे सैल लोंबकळू लागलो. कित्येक महिन्यांनी मी असा सैल झालो होतो. तुरीने मान खाली केली, अंग झाडले आणि मसाजींकडे पाहिले. तिच्या मानेचे केस बसले.

तेव्हा जज पुढे आले. त्यांनी तिला हाताची मागची बाजू हुंगू दिली. मग ओठ वर करून दात पाहिले. पाठीवरून हात फिरवला, पोटाखालून फिरवला, शेवटी मागचा एक पाय उचलून पंजा पाहिला. तुरी उभी राहिली. ती एकदाही गुरगुरली नाही.

"हाडाची चांगली आहे," जज म्हणाले. "वजन कमी करा."

तिघींत तुरीचा तिसरा नंबर आला. मसाजी हसत हसत रिंगणाबाहेर आले. हिरासिंगला शंका आली.

"मामा, शेवटचा नंबर आलाय. समजलं ना बराबर?"

"समजलं की."

"मग एवढे खूश काहून?"

"तिनं पाय दिला," मसाजी म्हणाले. "तू पाह्यलं का? परक्याला पाय दिला."

त्याच टेम्पोने आम्ही परत निघालो आणि दुपारी बाळापूरला उतरलो. अंजली दारात आली. सोबत आलेल्या हिरासिंगने झालेले सगळे सांगितले. अंजली ऐकत होती, पण तिचे लक्ष तुरीच्या तोंडाकडे होते. कोमलला तिने आत ठेवले आणि स्वतः खाली बसली. हात पुढे करताना तिचे डोळे मिटलेले होते. तुरीने हात हुंगला आणि चाटला. अंजलीने ओठ वर करून दात पाहिले, पुन्हा पाहिले. मग तिने मोठा श्वास सोडला.

"आबा, जेवले का तुमी?"

"न्हाई."

"चला मग आत. दोघंबी चला."

त्या दिवशी मसाजी जेवून ओट्यावर आडवे झाले आणि दिवस मावळेपर्यंत झोपले. अंजलीने दोनदा येऊन पाहिले, पण उठवले नाही. कोमल तुरीजवळ एकटी जाऊ नये, असा नियम घरात कायम राहिला. मोठे माणूस सोबत असेल तरच ती जायची. हा नियम चांगला होता.

पुढच्या दोन हिवाळ्यांत आम्ही पुन्हा नांदेडला गेलो, झूल आणि तूप-भाकर घरी ठेवून. दुसऱ्या वर्षी तुरी दुसरी आली. २००९ मध्ये ती म्हातारी होऊन गेली. तेव्हा मसाजी दिवसभर तिच्याविषयी बोलले आणि मधून मधून सत्यशीलाबाईंविषयीही. त्यानंतर मला काही काम उरले नाही. काही दिवस माझ्यावर ओले कपडे वाळत होते. पावसात मी कुजू लागलो. मग मसाजींनी मला सोडवून घेतले, धुऊन सावलीत वाळवले आणि ओट्यावर खुंटीला टांगले. मला एवढे पुरेसे आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला आपले कुत्रे प्रदर्शनात न्यायचे असेल, तर जरूर न्या. त्याला नटवू नका आणि फार चारू नका. रोज थोडे शिकवा, चार माणसांचे हात लागू द्या. दोर ओला ठेवू नका. आणि कुत्रे गुरगुरले, तर लगेच काठी उचलू नका. आधी दोर धरणाऱ्या माणसाला बसवा. त्याला पाणी द्या. घरी काय झाले, ते विचारा, आणि त्याचे सांगून होईपर्यंत थांबा.