वेणूबाईचा ओटा

आरिफाला एक खोड होती. माणूस समोर आला की तिची नजर आधी त्याच्या खांद्यांवर जायची, मग बाहीवर, मग कमरेवर. बाप मकबूल टेलर, उरणच्या बाजारात चाळीस वर्षांचं दुकान. शाळेतून आली की ही मशीनशेजारी बसून तो सांगेल ती मापं वहीत लिहायची. खोड जडली ती जडलीच. निकाहाच्या दिवशी नवऱ्याला पाहिलं तेव्हाही म्हणे तिच्या मनात पहिलं हेच आलं, की शेरवानी पाठीत सैल आहे.

तर ही खोड संस्थेत कामाला आली. संस्था उरण-पनवेलच्या खेड्यांत वीसेक वर्षं बाळंतिणी आणि लसीकरण सांभाळणारी. ऑफिस खांदेश्वरला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. कोरोना गेला, पण जाताना घराघरांत काहीबाही ठेवून गेला. कुणाची झोप उडाली, कुणी बोलेनासं झालं. ज्यांना चालता येत नव्हतं त्यांच्याकडे आधीच कोण बघत होतं, आता तर लोक त्यांना पार विसरले. तेव्हा संस्थेच्या सुनीतीताईंनी ठरवलं, मनाच्या दुखण्याचं आणि अपंगांचं कामही आपणच करायचं. गावोगावच्या बायका निवडल्या, सहा महिने शिकवलं. चाकांच्या खुर्चीसाठी माणसाची मापं कशी घ्यायची तेही शिकवलं. त्यात आरिफा पहिली आली, आणि यायचीच! तिला मोरा गाव दिलं.

मोऱ्याच्या कोळीवाड्यात सुभाष राहायचा. वय अडतीस, पोलिओने लहानपणीच दोन्ही पाय गेलेले. पण हात असे, की फाटकं जाळं त्याच्यापुढे टाकून चहा प्यायला जावं आणि परत येईपर्यंत जाळं तयार असावं. बाप त्याला रोज सकाळी पाठीवर घेऊन धक्क्यावर न्यायचा आणि दुपारी परत आणायचा. वीस वर्षं हा नेम चुकला नाही. कोरोनात बाप गेला आणि सुभाष घरात बसला तो बसलाच. वाड्यातले चांगले धट्टेकट्टे गडी येऊन म्हणाले, चल, आमच्या पाठीवर बस. तो म्हणाला, "बापाची पाठ गेली. आता दुसऱ्या कोनाच्या पाठीवर मी नाय बसनार." आणि गल्लीतून चार माणसांच्या पायांत सरपटत जायचं म्हटलं तर त्याच्या जिवावर यायचं. हळूहळू बोलणं आटलं, मग जेवण आटलं. आई चांगुणाबाई मासळीची पाटी घेऊन बाजारात जायची तेव्हाही तो भिंतीकडे तोंड करून पडलेला, आणि परत यायची तेव्हाही तसाच.

त्या घरी आरिफा सात महिने गेली. पहिले दोन महिने तर ती भिंतीशीच बोलली म्हणा ना! आठवड्यातून दोनदा जायचं, बसायचं, घाई करायची नाही, असं तिला शिकवलेलं. संस्थेचे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, त्यांनी गोळ्या सुरू केल्या. पाचव्या महिन्यात एके दिवशी सुभाषने आपणहून विचारलं, "ताई, धक्क्यावर आता जाळी कोन शिवतो?" आरिफाला वाटलं, उठून नाचावं. सातव्या महिन्यात तो म्हणाला, "खुर्ची आली तर मी जाईन धक्क्यावर. पन माझा मी जाईन. उचलायला कोन नको." आरिफाने छातीठोकपणे सांगितलं, "आणते खुर्ची. शब्द देते तुम्हाला."

मग मापं घेतली. कमरेची रुंदी, मांडीची लांबी, पाठीची उंची, कोपरापासून बैठकीपर्यंत, सगळी मिळून सोळा. सुभाष म्हणाला, "लग्नाचा सूट शिवताय का?" सात महिन्यांत पहिला विनोद केला त्याने. चांगुणाबाई मोरीत भांडी घासत होती, ती पदराने डोळे पुसायला लागली.

खुर्ची आली एका बुधवारी. सुभाषने दाढी केली, निळा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. गल्लीच्या तोंडाशी पोरंटोरं जमली, दोन म्हाताऱ्या कामं टाकून आल्या. आरिफा स्वतः खुर्ची ढकलत आणत होती. चौकातून खुर्ची ऐटीत वळली आणि गल्लीच्या तोंडातच खट्कन थांबली. थोडी तिरकी करून बघितली, मागे घेऊन पुन्हा बघितली. छे! एका बाजूला सुभाषच्या घराचं जोतं, दुसऱ्या बाजूला समोरच्या वेणूबाईचा सिमेंटचा ओटा, आणि मधे उरलेली गल्ली बावीस इंच. खुर्ची सव्वीस.

आरिफाने माणूस मापला होता, गल्ली मापलीच नव्हती. टेलरची पोर ना! कपडा अंगात बसला की टेलरचं काम संपलं. तो घालून गिऱ्हाईक कुठल्या दारातून बाहेर पडतं, हे कुठला टेलर बघायला जातो? सात महिने ती स्वतः त्याच गल्लीतून अंग चोरून जात-येत होती, पण तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

"उचलून बसवू या की चौकात," कुणीतरी म्हणालं. दारात बसलेल्या सुभाषने सगळ्यांकडे एकदा बघितलं. "घेऊन जा ती," तो म्हणाला, आणि हातांवर रेटा देत आत गेला. खुर्ची चौकातल्या एका पडवीत ताडपत्रीखाली ठेवली. परतताना रिक्षात आरिफा इतकी रडली, की रिक्षावाल्याने विचारलं, "मयत कुनाची झाली, ताई?"

सुनीतीताई तिला ओरडल्या नाहीत, त्यामुळे तिला आणखीच वाईट वाटलं. "अगं, चुकलं तर चुकलं. माझ्या यादीत तरी गल्लीचा रकाना कुठे होता? उद्यापासून घालू," ताई म्हणाल्या. "अजून बारीक खुर्ची मिळेल का?"

"नाही बसणार ताई, त्यांची कंबरच तेवढी आहे. खांदे बघितलेत तुम्ही?"

"मग त्या ओट्याचं बघू. गल्लीत पुढे आलाय म्हणजे बेकायदाच ना? एक अर्ज टाकला की—"

"अर्ज नको," आरिफा घाईने म्हणाली. "वाड्यात दोन पार्ट्या पडतील, आणि सुभाषदादा आयुष्यात बाहेर यायचे नाहीत. मी बोलून बघते."

बोलून बघणं सोपं नव्हतं. ओटा बांधला त्या दिवसापासून चांगुणाबाई आणि वेणूबाई यांच्यात बोलचाल बंद. दारं समोरासमोर, सकाळी दोघी एकाच वेळी सडा घालायच्या आणि एकमेकींच्या दारात पाणी जाणार नाही एवढी काळजी घ्यायच्या. तीन वर्षं भांडण टिकवायलाही अंगात धमक लागते.

आरिफा जाऊन ओट्यावर बसली. वेणूबाई सुकटीतला कचरा निवडत होती. तिने वर न बघताच सांगून टाकलं, "कशापायी आलीस ते मना ठाव हाय. ओटा मी तोडनार नाय."

"बरं," आरिफा म्हणाली, आणि सुकट निवडायला लागली.

वेणूबाईला वाटलं होतं, ही आता गयावया करेल, मग आपण दोन शब्द सुनावू. ही बया तर सुकट निवडत बसली! त्या दिवशी काही झालं नाही. आरिफा तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुढच्या आठवड्यात पुन्हा. सुभाषकडेही जायची, पण तो तोंड फिरवून पडलेला असायचा. मग ती समोर येऊन ओट्यावर बसायची. बसल्या बसल्या तिच्या एक लक्षात आलं. वेणूबाईचा चहाचा कप ओट्यावर, पानाचा डबा ओट्यावर, गोधडीची घडीसुद्धा ओट्यावरच. घरात ती जायची ती फक्त चुलीपुरती, आणि धापा टाकत बाहेर यायची.

"मावशी, आत बसत नाही तुम्ही?" आरिफाने विचारलं.

वेणूबाईचे हात थांबले. मग म्हणाली, "आत बसलं की भिंती अंगावर येतात. छातीत धडधडतं. घोवाला कोरोनात गाडीत घालून नेला ना, तो आतूनच नेला. चालत गेला. मना म्हनाला, वेनू, दार लावून घे, चार दिसांत येतो. नाय आला. मयत पन दिली नाय घरी. मना तं दिसलाच नाय तो. मी दार लावून आत वाट बघत बसले आनि तो तिकडंच…" तिने पदर तोंडाला लावला. "तवापासून आत दम घुसमटतो. उरलेलं सिमेंट व्हतं, माझ्या हातांनी बांधला हा ओटा. गल्लीत आला, मना दिसतं नं ते! पन हा तोडला तं मी बसू कुटं, पोरी?"

एका दुखण्याला वाट करून द्यायला आरिफा दुसऱ्या दुखण्याचा आसरा मोडायला निघाली होती. तिने वेणूबाईचा हात हातात घेतला आणि खरोखर मनापासून म्हणाली, "नाही तोडायचा, मावशी. कुणी तोडणार नाही."

गल्ली बावीस इंचांची. या दारात सुस्कारा सोडला तर त्या दारात ऐकू जातो. समोरच्या घरातून आवाज आला, बसका, गंजल्यासारखा. "मावशे, ओटा तोडू नको तू."

दोघी दचकल्या. सुभाष हातांवर सरकत उंबऱ्यापर्यंत आला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. तीन आठवड्यांत तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि बोलला तो वेणूबाईशी!

"माझा बाप पन तसाच गेला, चालत," तो म्हणाला. मग जोत्याकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं, आणि नजर ओट्यावरून पार चौकातल्या टोकापर्यंत नेली. "मावशे, काकाच्या होडीची फळी हाय का गं? धक्क्यावर उतरायची?"

"हाय. वर माळ्यावर हाय. कशाला?"

"मना दे."

आरिफाच्या डोक्यात उजेड पडायला एक क्षण लागला, आणि मग असा पडला, की ती "या अल्ला!" म्हणून उभीच राहिली. जोतं आणि ओटा एका उंचीचे. मधे बावीस इंच. जोतं दारापुरतंच, पण ओटा वेणूबाईच्या घराला लागून सरळ चौकापर्यंत गेलेला, आणि त्याच्या टोकाशी खुर्ची उभी करायला जागाच जागा. सरपटायचं नाही, उचलून घ्यायचं नाही. माणूस ओट्यावर बसतो तसं बसायचं आणि बसल्या बसल्या पुढे सरकायचं. गल्ली रुंद असती तर फळीही पुरली नसती!

वेणूबाई फळी आणायला घरात गेली. फळी माळ्यावर, त्यामुळे तिला आत चांगला वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिचा श्वास फुललेला, पण ती फळी पुसत होती. फळीला अजून जुना निळा रंग होता. तिने एक टोक आपल्या ओट्यावर ठेवलं आणि दुसरं सुभाषच्या जोत्यावर, आणि वर स्वतः एक पाय ठेवून दाबून उभी राहिली. "ये, सुभ्या."

सुभाष आला. फळीवर हात टेकले, अंग उचललं, सरकला, पुन्हा टेकले. खांदे कसले, नुसते दोरखंड! ओट्यावर पोचल्यावर एकदा थांबला, वेणूबाईची गोधडी हाताने बाजूला केली आणि पुढे निघाला. तेवढ्यात चांगुणाबाई बाजारातून आली. रिकामी पाटी डोक्यावर, आणि समोर पोरगा वेणूबाईच्या ओट्यावर! ती जागच्या जागी खिळली. वेणूबाई तिच्यावर खेकसली, "बघतेस काय? खुर्ची आन पुढं!" तीन वर्षांनी झालेलं ते पहिलं बोलणं. चांगुणाबाईने पाटी तिथंच टाकली आणि धावली.

खुर्चीत बसायचं कसं, चाक कसं धरायचं, हे आरिफाने दाखवलं. मग सुभाषने चाकांना हात घातला आणि निघाला. मागे आई, मागे आरिफा, आणि सगळ्यांत मागे वेणूबाई, ओट्यावर चहाचा कप तसाच टाकून.

धक्क्यावर जाळ्यांच्या ढिगापाशी चार-पाच जण शिवत बसले होते. सगळ्यांचे हात थांबले. मग त्यांतल्या एका म्हाताऱ्याने आपलं बूड थोडं सरकवलं, आणि रोजच्याच आवाजात म्हणाला, "ये. हे बघ, या सनीने कसं शिवलंय. गाठी हायत का बोरं? सगळं उसवायला लागतंय." आणि त्याने जाळ्याचं टोक सुभाषच्या मांडीवर टाकलं.

सुभाषने गाठ बघितली, तोंड वाकडं केलं आणि सुई मागितली.

चांगुणाबाई रडत होती, वेणूबाई तिला गप्प करता करता स्वतःच रडत होती. आरिफाला मात्र अजून खूप सांगायचं होतं. ब्रेक लावूनच बसायचं, दर अर्ध्या तासाने अंग उचलायचं, उशी ओली होऊ द्यायची नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत, शुक्रवारी डॉक्टर येणार आहेत. ती वाकून एकेक सांगत राहिली. सुभाष उसवत होता, मान हलवत होता, आणि शेवटी त्याने वर बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "तुमी जावा आता. मना काम हाय."