कर्ता सांगणारा कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. हातात धरून बोलायचा, बॅटरीवर चालणारा. नोकरी तशी चाळीस वर्षांची, पण तुम्हाला सांगावे असे वर्ष एकच, दोन हजार बावीस.

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या मराठी मंडळाने मला विकत घेतले तेव्हा माझा पांढरा रंग नुसता झळझळत होता. सहलीला "चला, बस सुटतेय!", क्रीडादिनाला "लिंबू-चमचावाले इकडे!", विसर्जनाला "मोरया!" हे सगळे माझ्या तोंडून. लोक म्हणत, "काय खणखणीत आहे हो!" मग मोठे स्पीकर आले आणि मी शनिवारच्या मराठी शाळेतल्या कपाटावर जाऊन पडलो. पोटातले सेल कोणी काढले नाहीत. ते पाझरले, पट्ट्या गंजल्या.

कपाटाखाली सुमनताई शिकवत. वय शहात्तर, प्रसूती विभागात नर्स म्हणून जन्म गेलेला. आवाज बारीक झाला होता, धाक मात्र तसाच होता.

त्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. घरे पडली, शाळा पडल्या, दवाखानेसुद्धा सुटले नाहीत. मार्चमध्ये न्यूयॉर्कला जगातल्या देशांची सभा भरली आणि एकशे एक्केचाळीस देशांनी त्या आक्रमणाचा निषेध केला. सुमनताईंनी तो आकडा फळ्यावर लिहिला. एवढी तोंडे एका वाक्यावर एक झाल्याचे मी जन्मात पाहिले नव्हते. मला फार अभिमान वाटला.

मे महिन्यात सुमनताईंनी घरातली एक खोली लेस्याला दिली. लेस्या युक्रेनमध्ये ट्राम चालवत असे. तिची आई युद्धात गेली होती. घरी एकटीला करमत नसे, म्हणून ती शनिवारी वर्गात मागच्या बाकावर येऊन बसे.

जूनमध्ये गावातल्या सगळ्या मंडळांनी एका रविवारी पार्कमध्ये जमायचे आणि युद्धाविषयी दोन-दोन वाक्ये वाचायची, असे ठरले. आदल्या दिवशी आमच्या मंडळाचा अध्यक्ष गिरीश कागद घेऊन वर्गात आला.

"ताई, जरा शुद्धलेखन बघता?"

कागदावर लिहिले होते, 'युक्रेनमध्ये अनेक निरपराध नागरिक मरण पावले, याचे मंडळाला दुःख आहे.'

"शुद्धलेखन चोख आहे," सुमनताई म्हणाल्या. "कर्ता नाहीये."

"आहे की. नागरिक."

"ते मेले, गिरीश. मारलं कोणी? देव पावतो, नवस पावतो. लेस्याच्या आईला काय पावलं रे?"

गिरीशने आवाज खाली आणला. "ताई, प्लीज. इंडियासुद्धा न्यूट्रल राहिलाय. आपल्यात दोन्ही मतांचे लोक आहेत. उगाच कमिटीत भांडणं कशाला?"

तुम्ही म्हणाल, एका शब्दासाठी एवढा हट्ट कशाला? सुमनताई एकाहत्तर साली पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या छावणीत नर्स होत्या. तिथल्या बायका औषधाच्या आधी विचारत, आमचं हे कोणी केलं ते कोणी लिहून घेतंय का? सुमनताईंच्या हातात तेव्हा फक्त तापाचा तक्ता होता.

आपले नाव ऐकून लेस्याने मान वर केली. सुमनताईंनी तिला कागदाचा अर्थ इंग्रजीत सांगितला. ती इंग्रजीतच हळूहळू म्हणाली, "माझी आई आजारी नव्हती. शेजारच्या मुलांना सूप गरम करून द्यायला ती तळघरातून वर गेली, आणि त्यांनी घरावर तोफगोळा टाकला. असंच वाचणार असाल, तर मी उद्या येत नाही."

सुमनताई वर्गाकडे वळल्या.

"मुलांनो, या वाक्यात कर्ता कुठाय?"

नऊ वर्षांच्या शाल्मलीने बोट थेट माझ्याकडे केले. "तो काय, कपाटावर!"

सगळा वर्ग हसला. गिरीशसुद्धा.

"अगं, तो कर्णा! कर्ता म्हणजे काम करणारा."

"ओह, हू डिड इट?" शाल्मली म्हणाली. "मग इझी आहे, आजी. रशियाच्या आर्मीने माणसं मारला."

"मारली," सुमनताई म्हणाल्या. "माणसं मारली."

आता कोणी हसले नाही. गिरीशने पेन काढले आणि आपले वाक्य उभे-आडवे खोडले.

"तिचंच वाक्य वाचा तुम्ही, ताई. कमिटीचं मी बघतो."

पार्कमध्ये मोठ्या स्पीकरला वीज नव्हती. म्हणून गिरीशने मला खाली काढले, माझ्या पट्ट्या व्हिनेगरने घासल्या, नवे सेल घातले. इतक्या वर्षांनी माणसाचा हात लागला होता!

दुसऱ्या दिवशी सुमनताईंनी मला तोंडाशी धरले. "रशियाच्या..." एवढे म्हणतात तो मी खरखरलो आणि गप्प झालो. नेमका तोच शब्द! लाजेने मेल्यासारखे झाले मला. गिरीश धावत आला आणि त्याने माझे सेलवरचे झाकण दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले. सुमनताईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"रशियाच्या सैन्याने युक्रेनवर आक्रमण केले आणि निरपराध माणसे मारली. आम्ही त्याचा निषेध करतो."

मग तेच इंग्रजीत. शेवटच्या रांगेतल्या माणसांनीही माना वळवल्या. लेस्या आली होती. तिने पुढे होऊन मला हातात घेतले आणि आपल्या आईचे नाव घेतले. हाल्याना. आयुष्यात मी पुष्कळ नावे पुकारली, त्या नावाइतके जपून एकही नाही.

पुढे दोन कुटुंबांनी मंडळ सोडले. एक गणपतीला परत आले. गिरीश पुढची निवडणूक हरला. आता तो शनिवारच्या शाळेत खुर्च्या लावतो आणि पूर्वीपेक्षा खुशीत दिसतो. शाल्मली मोठी झाली, लिंग अजून चुकवते, पण कर्ता विसरत नाही. लेस्या शेजारच्या मेडनहेडला बस चालवते. तिच्या देशातले युद्ध अजून संपलेले नाही. सुमनताई लंडनमधल्या पिनरला लेकीकडे राहतात. आवाज जवळजवळ गेलाच आहे. लेस्या दर रविवारी जाते आणि त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात खूप पाहिलेले, खूप लक्षात ठेवलेले असे एखादे माणूस असेल. आवाज बारीक झाला म्हणून त्याचे सांगणे संपले असे समजू नका. जरा जवळ जाऊन बसा.