बसला, पण चालला नाही

मी मदरबोर्ड बोलतोय. कॉम्प्युटरच्या पेटीत बाकीचे सगळे भाग ज्याच्यावर जोडतात, तो मी. एरवी मी तोंड उघडत नाही, पण आज बोलणार आहे, आणि रागानेच बोलणार आहे. ज्यांना सोसवणार नाही त्यांनी खुशाल उठून जावं.

माझा जन्म कारखान्यातला. तपासणाऱ्या बाईंनी चष्मा पुसून पुसून मला पाहिलं, पास केलं आणि खोक्यात सोबत एक पुस्तिका घातली. माझं कुणाशी जमतं आणि कुणाशी जमत नाही, सगळं तीत छापलेलं. माणसं तरी स्वतःबद्दल इतकं स्वच्छ लिहून देतात का? पुढे दीड वर्ष मी दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलो.

मग एका शनिवारी वहिनी आल्या. घरबसल्या इमारतींचे आराखडे काढायचं काम त्यांना मिळणार होतं. एका नव्या शाळेचे आराखडे. अट एकच होती: सोमवारी सकाळी दहापर्यंत स्वतःच्या मशीनवर नमुन्याचा एक आराखडा काढून पाठवायचा. त्यासाठी वहिनींनी पंधरा दिवस खपून भागांची यादी केली होती. प्रत्येक भाग दुसऱ्याशी ताडून, बरोबरची खूण करून.

सोबत त्यांचे दीर होते. भाऊजींना सगळ्यातलं सगळं कळतं. यादीतला प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बघून ते हसलेच.

"वहिनी, हा जुना झाला हो! त्याच्या पुढच्या पिढीचा आलाय, तो घेऊ."

"पण तो या बोर्डावर चालेल का?"

"चालेल की! खाच तीच आहे, बसतो बरोबर."

वहिनींनी दुकानदाराकडे पाहिलं. तो फोनवर होता. "चालेल, चालेल," तो मान न वळवता म्हणाला.

"पुस्तिकेत बघू का जरा?"

"खोकं फोडलं तर परत घेणार नाही हं, ताई."

चीड येते ती या 'चालेल' शब्दाची. वहिनी विचारत होत्या, यंत्र सुरू होईल का. दुकानदार सांगत होता, माझी काही हरकत नाही. एकाच शब्दात दोघांची दोन टोकं, आणि मधल्या मध्ये मी!

घरी वहिनींनी जेवणाचं टेबल पुसून मला मांडलं. काय हात होता! प्रोसेसर अलगद ठेवला, एक स्क्रू जास्त आवळला नाही. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा मात्र काळा. मी काय करणार? माझ्या आतला प्रोग्रॅम जुना, या पाहुण्याला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. ओळख पटली नाही की माझ्या कडेचा एक लाल दिवा लागतो. तो मी लावला. आणखी कसं सांगायचं असतं?

"बोर्डच मेलेला आहे," भाऊजींनी निकाल दिला. "नाहीतर वहिनी, तुमच्या हातून पिन वाकली असणार."

वहिनींचे यजमान वर्तमानपत्रातून म्हणाले, "तरी म्हणत होतो, दुकानातूनच जोडून आणू."

वाकली नव्हती हो एकही पिन! भाऊजींनी रविवारभर मला सोललं. हे काढ, ते खुपस, केबल ओढ. वहिनी म्हणत होत्या, "तो लाल दिवा का लागलाय ते बघू या." कुणी ऐकलं नाही. शेवटी वहिनींनीच खिडकीत बसून पुस्तिका उघडली. सोळाव्या पानावर होतं: नव्या पिढीचा प्रोसेसर लावण्याआधी बोर्डातला प्रोग्रॅम नवा करून घ्यावा. त्यासाठी जुना प्रोसेसर लागणार होता, आणि दुकान रविवारी बंद.

सोमवारी साडेदहाला दुकान उघडलं तेव्हा वहिनी मला छातीशी धरून पायरीवर उभ्या होत्या. दुकानातल्या दुरुस्तीवाल्याने जुना प्रोसेसर लावला, दहा मिनिटांत काम उरकलं. "बोर्ड ठणठणीत आहे, ताई. जोडणीही झकास आहे. कुणी केली?"

"मी," वहिनी म्हणाल्या. दहा वाजून गेले होते. शाळेचं काम दुसऱ्याला गेलं.

घरी भाऊजी हळहळले. "जाऊ द्या वहिनी, नशिबात नव्हतं."

नशीब? नशिबाला कशाला ओढता यात? ते कुठे दुकानात आलं होतं?

आता मी वहिनींच्या खोलीत रोज चालतो, एकदाही न अडखळता. त्या माझ्यावर लोकांच्या कपाटांचे खण आणि ओट्यांची मापं काढतात. फार सुबक काढतात. वाचकहो, तुम्हाला कुणी पोटतिडकीने काही विचारलं आणि ठाऊक नसेल, तर 'माहीत नाही' म्हणायला शिका. शनिवारी दुकानात दोन पुरुष होते. त्यांतल्या एकाने जरी तेवढं म्हटलं असतं, तर आज माझ्यावर शाळा उभी राहत असती.