वर्खवाल्या घरातला डंबेल

मित्रांनो, मी एक जुना डंबेल आहे. अंगावर गंज आहे, एका गोळ्यावर सरसाचे ओघळ वाळलेत आणि मुठीजवळ कुठेकुठे सोनं चमकतं. गंजका म्हणालात तर ऐकून घेईन. निकामी म्हणालात तर पायाचा अंगठा सांभाळा.

हल्लीचे डंबेल तुम्ही पाहिले असतील. गुलाबी, जांभळे, रबराचं झबलं घातलेले. त्यांना लोखंड म्हणायला माझी जीभ वळत नाही. माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, ते निवलं, साचा फोडला आणि मी बाहेर पडलो. माझ्या पाठोपाठ माझा जुळा भाऊ. कारागिरानं कानशीनं आमच्या कडा घासल्या, काळा रंग दिला आणि दुकानात धाडलं.

तिथून आम्हाला उचललं ते चौकटी करणाऱ्या घरातल्या थोरल्या मुलानं. चौकटी म्हणजे चित्रांच्या आणि आरशांच्या. लाकूड कापायचं, कोपरे जोडायचे आणि वर सोन्याचा वर्ख लावायचा, हा त्या घराचा पिढीजात धंदा. थोरला तेव्हा लग्नाचा होता. रोज सकाळी तो आम्हाला उचलायचा आणि स्वतःच्या दंडाकडे बघायचा. घरात आरसे पुष्कळ, त्यामुळे दंड चारही बाजूंनी दिसायचे. मग मुलगी पसंत पडली, लग्न झालं आणि आमचं काम संपलं. पुरुषांचं असंच असतं. दाखवायचं ते दाखवून झालं की वजन खाली.

माझ्या भावाला दार आपटू नये म्हणून दाराशी बसवलं. येणारा-जाणारा त्याला लाथ मारतो, तरी तो हूं की चूं करत नाही. तो पहिल्यापासूनच मऊ. मला मात्र जोडलेल्या कोपऱ्यांवर दाब म्हणून ठेवू लागले. सरस वाळेपर्यंत दिवसभर तिथे पडून राहायचं. ज्याला हवेत उचलायचं त्याला दाबायला बसवलं. मी त्या घराला ते अजून माफ केलेलं नाही.

वर्षं गेली. थोरला वारला. त्याची बायको, जिला सगळे थोरली म्हणतात, ती आता त्या घराची मालकीण. थोरल्याचा धाकटा भाऊ मागच्या खोलीत लाकूडकाम करतो आणि त्याची बायको, म्हणजे धाकटी, कोपरे सरसानं चिकटवते आणि वर्खाखाली खडूचे थर देते. वर्ख लावायचं टेबल मात्र थोरलीचं. सासूबाईंनी जाण्याआधी ते तिच्या हवाली केलं होतं. धाकटीचा हातही बारीक कामाचा, पण तिला त्या टेबलाला बोट लावायची सोय नव्हती. तेव्हापासून दोन्ही जावांमध्ये सरळ बोलणं नव्हतं. एकीनं म्हणायचं, "त्यांना सांगा, सरस पातळ झालाय." दुसरीनं म्हणायचं, "त्यांना सांगा, डोळे तपासून घ्या." दोन्ही निरोप धाकट्यासाठी असायचे आणि धाकटा त्यांच्यावर रंधा ओढायचा. घरात भांडण वाढलं की लाकडाचा भुसा वाढायचा.

सोन्याचा वर्ख तुम्ही कधी हातात धरलाय का? धरता येतच नाही. बोटाला लागला की त्याचा चुरा होतो. मऊ, रुंद कुंचला आधी स्वतःच्या गालावरून फिरवायचा. गालाचा तेलकटपणा कुंचल्याला लागतो आणि त्याला वर्ख अलगद चिकटतो. मग तो चौकटीवर न्यायचा. त्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद. कुणी शिंकायचं नाही, हसायचं नाही. एक फुंकर गेली तर सोनं उडालं. म्हणून थोरली कुंचला उचलताना एकच शब्द म्हणायची, "मिटा." की सगळ्या घराची तोंडं मिटायची आणि श्वास थांबायचे. सासूबाईंनी तिला तसं शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूनं. त्या घरातल्या बायका हातात काही धरलं की श्वास धरतात. त्यांना ते कळतही नाही.

एकदा थोरली चष्म्याचा नंबर काढायला गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात उजेड पाडून पाहिलं आणि म्हणाले, चष्मा राहू द्या, आधी रक्तदाब तपासा. दुसऱ्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. थोरलीनं त्यांना सुनावलं की एवढा घट्ट पट्टा बांधला तर कुणाचाही आकडा चढेल, बैलाचासुद्धा. डॉक्टर शांतपणे पुन्हा मोजत राहिले. आकडा तोच.

गोळ्या सुरू झाल्या. मीठ कमी झालं. त्यावरून घरात चार दिवस आदळआपट चालली. गोळ्यांनी दाब जरा उतरला, पण पुरेसा नाही. मग डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि त्याबरोबर ताकदीचा व्यायामही. थोरली म्हणाली, दिवसभर उभी असते की मी. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे, नाहीतर खांब सगळ्यांत निरोगी असते. आणि जाता जाता त्यांनी बजावलं की पुढच्या खेपेला आकडा खाली आला नाही, तर टेबलाचं काम काही महिने बंद.

थोरली घरी आली ती थेट टेबलाशी जाऊन बसली. तिला स्वतःच्या जिवाची भीती नव्हती, तिला उजव्या हाताची भीती होती. सासूबाईंचा उजवा हात असाच एका सकाळी लुळा पडला होता. कुंचला गालाशी गेला आणि तिथून खाली आलाच नाही, गळून पडला. त्यानंतर टेबल हातचं गेलं. थोरलीला डॉक्टरांचं बाकी बोलणं ऐकू आलं नाही. तिला एवढंच ऐकू आलं की टेबल धाकटीकडे जाणार.

दवाखान्यातून व्यायाम शिकवणारी बाई आली. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला तळवे लावून अंग रेटणं आणि हलकं वजन उचलणं, असं तिनं शिकवलं. वजन काय आहे घरात, असं विचारल्यावर थोरलीनं मला सरसाच्या बाकावरून आणलं. त्या बाईनं मला दोन बोटांनी तोलून पाहिलं आणि म्हणाली, "हा चालेल. हलका आहे."

हलका. मित्रांनो, भट्टीतून निघालेल्या माणसाला असं बोलतात का? पण मी गिळलं. पुढे तिनं नीट समजावलं की वजन वर जाताना श्वास सोडायचा, खाली येताना घ्यायचा, कोंडून मुळीच ठेवायचा नाही, कोंडला तर दाब उसळतो. थोरलीनं मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं यात त्या घरात पहिल्यापासून अंतर आहे.

काम मात्र मन लावून चाललं. रोज सकाळी थोरली मला उचलायची, मध्ये विसावा घ्यायची, पुन्हा उचलायची. आकडा तिथेच. घरी आणलेलं दाब मोजायचं यंत्र चूं चूं करून तोच आकडा दाखवायचं. त्या प्लॅस्टिकच्या डबीचा मला मनापासून तिटकारा आहे. उचलायचं आम्ही आणि निकाल सांगायचा हिनं. त्यात एका सकाळी मला वर नेताना थोरलीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती खाली बसली ती एका तयार चौकटीवर. कोपरा कडकन मोडला. मी गडगडत भावापाशी जाऊन थांबलो.

"मेलं अवलक्षणी लोखंड," असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. ज्याची मूठ तिनं श्वास कोंडून आवळली होती तो मी अवलक्षणी.

धाकटी हातात सरसाची वाटी घेऊन उभी होती. तिनं थोरलीला पाणी दिलं, पण पेला जरा आपटूनच. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती धाकट्याला मध्ये न घेता बोलली.

"जाऊबाई, वर्ख लावताय की डंबेल उचलताय?"

"तुला काय करायचंय?"

"तोंड शिवल्यासारखं मिटलंय तुमचं. नाकपुडी हलत नाही. त्या बाईनं काय सांगितलं होतं?"

"घेतेय मी श्वास. न घेता जिवंत आहे का?"

"हातात काही धरलं की तुमचा श्वास बंद होतो. समोर बसून वर्षानुवर्षं तेच बघतेय. चमचा धरलात तरी तेच."

थोरलीनं मला पुन्हा हातात घेतलं, ते धाकटीला खोटं पाडायला. आधी घटकाभर बसून राहावं एवढी अक्कल तेवढ्यात आली. मग उचललं. मूठ आवळली तसे ओठ आवळले. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. मोठ्यानं आकडे म्हणून पाहिले, तर आकडेही मनातल्या मनात गेले. तिचा चेहरा उतरला. मला तो चेहरा आवडला नाही. मला ती रागावलेली बरी वाटते.

धाकटीनं खुर्ची ओढली आणि समोर बसली. "असं करा. मला बोला. एरवी बोलताच, आता समोर बोला. बोलताना काही तोंड मिटता येत नाही."

"तुझं काय जातंय यात? मी पडले तर टेबल तुलाच मिळेल."

धाकटीनं सरसाची वाटी खाली ठेवली. "सासूबाईंचा हात गेला तेव्हा तुम्ही टेबलावर बसलात. त्यांना घास कोण भरवत होतं? शेवटपर्यंत मी भरवलं. त्या थुंकायच्या, मी पुसायचे. तुम्ही पडलात तर तुम्हालाही मीच भरवायचं. मला नाही भरवायचं. टेबल गेलं चुलीत. उचला."

मागच्या खोलीतला रंधा थांबला होता. थोरलीनं नाकावरचा चष्मा वर सरकवला. मग तिनं मला उचललं आणि उचलता उचलता तिच्या तोंडून निघालं, "तुझ्या सरसाला माशीसुद्धा चिकटत नाही."

मित्रांनो, श्वास सुटला. मुठीत मला तो कळला. पिळलेला कपडा सोडावा तसा हात सैल झाला आणि मी मात्र वर गेलो. खाली येताना धाकटीनं उत्तर दिलं, "तुमचा चष्मा पुसला तर दिसेल चिकटलेली." ते ऐकताना थोरलीनं रागानं छाती भरून श्वास ओढून घेतला. हेच तर हवं होतं.

तेव्हापासून तीच रीत पडली. मी वर जाताना थोरली बोलणार, मी खाली येताना धाकटी. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, कधी कमी पडलं नाही. माहेरं निघाली. लग्नातल्या साड्या निघाल्या. एकीनं दुसरीच्या कोपऱ्यांना नावं ठेवली, म्हणाली, तुझ्या चौकटीतून चित्रसुद्धा पळून जाईल. दुसरी म्हणाली, तुम्ही समोर असल्यावर पळणारच. काचा बसवायला येणारा काचवाला दाराशी हे ऐकून दोनदा परत गेला. खरं भांडण चाललंय असं त्याला वाटलं. खरंच चाललं होतं. त्यात लटकं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

हळूहळू चूं चूं करणाऱ्या डबीतला आकडा उतरू लागला. अंधारी येणं थांबलं. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी थोरलीनं मला फडक्यानं पुसलं. मला ते अजून आठवतं. परत आली तेव्हा तिची चालच सांगत होती. आकडा खाली आला होता. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? ती म्हणाली, जावेला शिव्या दिल्या. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा, पण गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि मीठही वाढवायचं नाही. मी एकट्यानं केलं असं म्हणायला मला फार आवडलं असतं, पण गोळ्यांनी आपलं काम केलं, मिठानं आपलं आणि मी माझं. डबीनं काही केलं नाही.

थोरली आत आली तर टेबल झाडूनपुसून लख्ख.

"बसली होतीस वाटतं?"

"बसले होते. खुर्चीचा पाय हलत होता, खिळा मारलाय."

"टेबल मिळायचं नाही तुला."

"मागितलंय कुणी?"

त्याच आठवड्यात नाट्यगृहाच्या मोठ्या आरशाची चौकट थोरलीनं टेबलावर घेतली. पंखा बंद झाला, खिडक्या लागल्या. कुंचला गालावरून फिरला. "मिटा," ती म्हणाली आणि घर थांबलं. धाकटीही थांबली, धाकट्याचा रंधाही. सोनं चौकटीवर उतरलं ते पाण्यावर ऊन उतरावं तसं. हात जराही हलला नाही.

काम झाल्यावर थोरलीनं मला उचलायला हात पुढे केला. इतका वेळ वर्ख लावून झाल्यामुळे ओठ सवयीनं मिटलेलेच होते. समोरच्या खुर्चीवरून एकच शब्द आला.

"उघडा."

थोरलीनं तोंड उघडलं आणि धाकटीच्या सात पिढ्या काढल्या. मी वर गेलो.

मित्रांनो, तुमच्याही घरात दाराशी, पलंगाखाली, कुठल्याशा कोपऱ्यात माझ्यासारखा कुणीतरी पडलेला असेल. तुमच्या आजीच्या किंवा बाबांच्या दंडाला डॉक्टरांनी पट्टा बांधला असेल, तर डॉक्टरांना विचारून त्याला बाहेर काढा. धूळ पुसा. त्याला हलका म्हणू नका. आणि आजी त्याला उचलेल तेव्हा तिच्या ओठांकडे लक्ष ठेवा. मिटलेले दिसले तर घरात जिच्याशी तिचं अजिबात पटत नाही, तिला खुर्ची देऊन समोर बसवा.