गार होईपर्यंत

आर्डिस लिंडग्रेनला ती गाडी पाहताक्षणी आवडली, आणि तिथेच पंचाईत झाली. डिझेलवर चालणारं फिरतं घर, बरंच जुनं. पण आत खिडकीशी छोटं टेबल, पिवळे पडदे, शेगडीजवळ कॉफीचं भांडं ठेवायला नेमकी जागा. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळा काढायला आणखी काय हवं? तिने मनातल्या मनात तिथे बसून कॉफी प्यायलीसुद्धा.

सोबत मुलगा कीथ होता. बाप गेल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता, आईने दूर उत्तरेला डकोटात, फार्गोच्या वृद्धाश्रमात राहावं. खोलीही बघून ठेवली होती. "तुला कुणीही गंडवेल, आई," हे त्याचं पालुपद. शेवटी वैतागून तिने शब्द दिला होता, की ही शेवटची गाडी. पटली तर घेईन, नाहीतर तुझी ती खोली.

मालक मर्ल मोठा बोलघेवडा. त्याने चावी फिरवली आणि मागचं इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

"ऐका, बाई! मांजर गुरगुरतंय नुसतं."

कीथही खूश झाला. आर्डिसने मात्र लगेच इंजिन बंद करायला लावलं, मागे जाऊन झाकण उघडलं आणि लोखंडाला तळवा लावला. चटका बसला.

"आत्ता सुरू केलं आणि एवढ्यात तापलं?"

"ऊन आहे ना, बाई. ॲरिझोना आहे हे."

"ऊन पुढच्या काचेवर आहे. मागची बाजू सावलीत आहे."

मर्लचा आवाज चढला. "बरं, सकाळी फिरवून आणली जरा. गुन्हा केला?"

"छे! मी थांबते की गार होईपर्यंत."

"संध्याकाळ होईल! उद्या या."

"उद्या आले तर उद्याही ऊन लागलेलं असेल."

तिने कीथच्या गाडीतून घडीची खुर्ची काढली आणि इंजिनासमोर मांडून खुशाल बसली. शेजारच्या गाड्यांतली म्हातारी मंडळी आपापल्या छत्र्यांखालून बघायला लागली. कीथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? मी म्हणतोय ना गाडी चांगली आहे! नापास झाली तर फार्गोला तुलाच यायचंय."

"तुझा बाप डकोटाच्या बर्फात ट्रॅक्टर सुरू करायचा, तेव्हा बॅटरीचा उजेड धरून शेजारी मीच उभी असायचे. डिझेलचा खरा स्वभाव गारठ्यात कळतो. बस मुकाट्याने."

मुकाट्याने बसणं तिलाही जड जात होतं. कुणीतरी आपल्याला फसवावं आणि आपण ते पिवळे पडदे घेऊन निघून जावं, असं तिला फार फार वाटत होतं. पण ती उठली नाही. मर्लने दुसरं गिऱ्हाईक यायचंय म्हणून सांगून पाहिलं. तिने त्यालाही बसायला सांगितलं.

ऊन उतरलं, वाळवंट गारठलं. तिने पुन्हा तळवा लावला. लोखंड थंडगार होतं.

"आता फिरवा चावी."

इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. पुन्हा घरघरलं. बऱ्याच वेळाने खोकत, लंगडत सुरू झालं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघाला, न जळलेल्या कच्च्या डिझेलचा, डोळे झोंबणारा. धूर विरेल म्हणून आर्डिस थांबली. पुष्कळ थांबली. तो विरला नाही; इंजिन आतून झिजलेलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुराचं, जास्त पडद्यांचं.

"नको मला," ती म्हणाली.

मर्ल पुटपुटत आत निघून गेला. कीथ हळूच म्हणाला, "आई, शब्द दिला होतास."

तिने खुर्ची फाडकन मिटली. "दिला होता. मी फसेन म्हणून तू तो मागितला होतास. आज इथे कोण फसत होतं, सांग ना? पार्कर गावात आणखी एक गाडी आहे, ती मी बघणार. तू नाही आलास तर मिळेल त्या गाडीने जाईन."

कीथने खिशातून फोन काढला. मग तिच्याकडून पार्करच्या गाडीमालकाचा नंबर मागून घेतला आणि लावला. तो नकार कळवणार असं वाटून ती फोन हिसकावायला हात पुढे करतेय, तोवर पलीकडून कुणीतरी बोललंच.

"नमस्कार. उद्या सकाळी गाडी बघायला येतोय," कीथ म्हणाला. "आणि हे बघा, माझी आई येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही."